सुटलेला सांधा

मी त्या व्हायोलिन वाजवणाऱ्या काकूंना एकदाच भेटले, रियाधमधल्या त्यांच्या घरी. दिवाणखान्यात पाहुणे वादनाची वाट पाहत होते आणि आतल्या खोलीत त्यांच्या जुन्या इटालियन व्हायोलिनचा सांधा कोरड्या हवेने सुटला होता. तीनेक शतकांपूर्वीचे ते वाद्य. पुढची फळी हलक्या स्प्रूस लाकडाची, पाठ मेपलची, आणि सगळे जोडणारा सरस जनावराच्या कातड्याचा.

काकूंचे यजमान तिथल्या एका प्लांटवर कामाला. त्या काकांनी प्लांटवरच्या इपॉक्सीची, म्हणजे एकदा धरला की न सुटणाऱ्या गोंदाची, ट्यूब काढली. "यल्ला, चला, पाच मिनिटांत खलास! आम्ही याने पाइप जोडतो."

"पाइप पुन्हा कोणी उघडत नाही हो," काकू म्हणाल्या.

"तू केमिस्ट ना? सांग हिला," काकांनी मला ओढले.

"काका, सांधा इतका पक्का केलात, तर पुढच्या वेळी लाकूड आकसलं की फळीच फुटेल."

"घ्या!" काकू हसल्या. तारा सैल करता करता त्या म्हणाल्या, "सांधा सुटला, म्हणून तर लाकूड वाचलं."

चिकट पदार्थांची ताकद वाढवणे हाच माझ्या अभ्यासाचा विषय. ते व्हायोलिन घडवणाऱ्या कारागिराने मात्र ताण कुठे सुटावा हे आधीच ठरवून, जाणूनबुजून दुबळा जोड निवडला होता. मला त्याचे आणि त्याचा हेतू जपणाऱ्या काकूंचे विलक्षण कौतुक वाटले.

व्हायोलिन घेऊन त्या बाहेर आल्या. "आज वादन नाही. मुंबईला सरसाने जोडून आणते, मग या."

पाहुण्यांचे चेहरे उतरले. तेव्हा काकूंनी दिवे मालवले आणि फळीवरच्या छिद्राशी छोटी बॅटरी धरली. सुटलेल्या सांध्यातून उजेडाची बारीक रेघ बाहेर आली. ती पाहायला सर्वांत आधी काकाच वाकले.