रोहण्याचे बंगाली डॉक्टर

रोहण्याच्या बाजारओळीत डॉक्टर बिस्वास यांचा दवाखाना आहे. पाटीवर लाल अक्षरात 'बंगाली दवाखाना' आणि त्याखाली 'मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन' असं लिहिलेलं. डॉक्टरांचं खरं नाव ओमप्रकाश चाफले. गाव पवनारकडचं, शेत, शिवार, सोयरे सगळे इथलेच. बंगाल त्याने नकाशातही नीट पाहिलेला नव्हता. आता तुम्ही म्हणाल, ही तर शुद्ध फसवणूक. असेल. पण लोकांनाच इथल्या माणसाकडून फसवून घ्यायचं नव्हतं, तर ओमप्रकाशने काय करावं?

तरुणपणी तो वर्ध्याला एका खऱ्या बंगाली डॉक्टरकडे कंपाउंडर होता. म्हातारे डॉक्टर पुढे मुलाकडे कलकत्त्याला निघून गेले आणि मलमाची कृती तेवढी ओमप्रकाशच्या वाट्याला आली. त्याने रोहण्याला येऊन आधी स्वतःच्याच नावाने दुकान मांडलं. माशी फिरकली नाही. सेवाग्रामला एवढा मोठा दवाखाना असताना चाफल्याच्या पोराकडे कोण जातो? बरं, सेवाग्रामला जावं तर तिथे शिकाऊ पोरापोरींच्या घोळक्यासमोर कपडे सोडावे लागतात. आणि मूळव्याध बरी करावी ती बंगाल्यानेच, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की की तिच्यापुढे डिग्रीचीही मात्रा चालत नाही. मग ओमप्रकाशने पाटी बदलली, चाफलेचे बिस्वास झाले आणि थोड्याच दिवसांत बाहेर बाकडं टाकावं लागलं. पेशंटशी तो 'हाम देखता है, तुम घबराता काहे को' असं काहीतरी बोलायचा. त्याची बायको नलू चारचौघांत त्याला 'डॉक्टर बाबू' म्हणायची. घरात काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सगळं सुरळीत चाललेलं असताना गावात एक खरा बंगाली आला. रतन मंडल त्याचं नाव. बाजारात मासोळी विकायला बसायचा. पाटी वाचून बिचारा आनंदाने दवाखान्यात शिरला आणि भरल्या बाकड्यासमोर घडाघडा बंगालीत सुरू झाला. ओमप्रकाशने त्याला दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं आणि हात जोडले. रतन पोट धरधरून हसला. मग म्हणाला, "काऊन घाबरता जी? मी कोणाले सांगत नाई." कारण रतनची वऱ्हाडी ओमप्रकाशपेक्षा सरस होती. त्याच्या बापाला पूर्व बंगालातून आलेला निर्वासित म्हणून सरकारनेच गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शीकडे, जमीन देऊन वसवलं होतं. रतन तिथेच जन्मला, तिथल्याच मराठी शाळेत नापास झाला. याहून इथला माणूस तो काय असणार?

त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. रतनने त्याला 'बोशुन' म्हणजे बसा, 'खूब भालो' म्हणजे फार छान, 'की होयेछे', असे चार-दोन शब्द शिकवले. बाजाराच्या दिवशी तो मुद्दाम दवाखान्याच्या दारात उभा राहून मोठ्याने बंगालीत बोलायचा, ओमप्रकाश 'खूब भालो, खूब भालो' करत मान डोलवायचा आणि बाकड्यावरचे पेशंट धन्य व्हायचे. अशी फुकटची जाहिरात सख्खा भाऊ करत नाही. नलूच्या पोरीच्या बारशाला रतनची बायको नंदिनी रात्रभर राबली होती. घरोबाच होता तो.

मग वरून हुकूम आला. बेकायदा राहणारे बांगलादेशी हुडकून काढा, प्रत्येक ठाण्याने अहवाल पाठवा. आमच्या ठाणेदार साहेबांनी प्रामाणिकपणे 'निरंक' लिहून पाठवलं. वरून ते परत आलं, 'शोध गांभीर्याने घ्यावा' असा शेरा घेऊन. म्हणजे समुद्र हजार कोस दूर, सीमा त्याहून दूर, पण ठाण्याच्या हद्दीत घुसखोर नाही म्हणजे पोलीस झोपले! झालं, ठाणं जागं झालं. कापसाच्या जिनिंगवरचे बिहारी पाहून झाले, कुल्फीवाला पाहून झाला. शेवटी कोणाच्या तरी ध्यानात आलं की गावात बंगाली दोन आहेत. त्यातला जो खुर्चीवर बसतो तो डॉक्टर, आणि जो जमिनीवर बसून मासोळी कापतो तो संशयित. हे इतकं उघड होतं की त्यावर कोणी चर्चाही केली नाही.

रतनला भर बाजारातून नेलं. त्याने आधार कार्ड दाखवलं, मतदानाचं कार्ड दाखवलं. ठाण्यात सांगितलं गेलं की हे आजकाल कोणीही बनवून घेतं. बापाच्या जमिनीचा कागद आण म्हणाले. तो गावी भावाकडे होता आणि भावाचा फोन लागत नव्हता.

दुपारी जमादार रूपराव दवाखान्यात आले. हे रूपराव म्हणजे ठाण्याचं जुनं खोड, सगळ्या हद्दीची कुंडली त्यांच्या डोक्यात. स्वतःही ओमप्रकाशच्या मलमाचे जुने लाभार्थी. म्हणाले, "डॉक्टर, साहेबानं बोलावलं. भाषेचा जाणकार पाह्यजे. रतनची बोली ऐका अन् तो कुठचा ते सांगा."

ओमप्रकाशची छाती आधी फुगली आणि मग त्याला आठवलं की आपल्याला बंगाली येतच नाही. नाही म्हणावं तर बाकड्यावर सात-आठ पेशंट कान टवकारून बसलेले. तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. मागोमाग दोन-तीन पेशंटही निघाले. सरकारचं आपल्या डॉक्टरवाचून कसं अडलं आहे ते त्यांना पाहायचं होतं.

ठाण्यात त्याला खुर्ची मिळाली, चहा मिळाला. रतनला समोर फरशीवर बसवलेलं होतं. त्याच्या हातांना अजून मासोळीचे खवले चिकटलेले होते. ओमप्रकाशला पाहून त्याचा चेहरा उजळला. रूपराव बाजूच्या टेबलाशी कोरा कागद घेऊन बसले होते.

"विचारा काहीतरी," ठाणेदार म्हणाले.

ओमप्रकाशने घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदाच बंगाली भाषेचा सरकारी उपयोग केला. "की होयेछे?" म्हणाला. म्हणजे, काय झालं? पोलिसांनी धरून आणलेल्या माणसाला विचारायला प्रश्न काही वाईट नव्हता.

रतन बोलू लागला. सावकाश, समजावणीच्या सुरात, बराच वेळ बोलला. मधेच 'चामोर्शी' आणि 'बाबा' एवढे दोन शब्द ओमप्रकाशला कळले. बाकी सगळं डोक्यावरून गेलं.

"कुठची बोली वाटते?" ठाणेदारांनी विचारलं.

आता इथे 'साहेब, हा गडचिरोलीचा आहे' एवढं एक वाक्य बोलायचं होतं. खरं होतं ते. पण चोराच्या मनात चांदणं. तसं म्हटलं तर साहेब विचारणार, कशावरून? तुम्ही स्वतः बंगालात कुठले? मग सही मागणार. ती बिस्वास म्हणून करायची की चाफले म्हणून? दारात पेशंट उभे. एक उलटा प्रश्न, आणि वीस वर्षांचा दवाखाना रोहण्याच्या चौकात नागडा. ओमप्रकाशने मोठ्या तज्ज्ञांसारखे डोळे मिटून घेतले.

"मिश्रण आहे साहेब," तो म्हणाला. "पक्कं सांगता येत नाई."

रूपरावांचा पेन थांबला. त्यांनी ओमप्रकाशकडे पाहिलं. ठाणेदारांनी रूपरावांकडे पाहिलं. मग म्हणाले, "लिहा. जाणकाराच्या मते भाषा संशयास्पद." रतनने मान खाली घातली. त्याने ना शिवी दिली ना डॉक्टरचं बिंग फोडलं. दारातले पेशंट मात्र खूश होते. आमचा डॉक्टर उगाच कोणाच्या बाजूने बोलत नाही, असं म्हणत ते बाहेर पडले.

घरी आल्यावर ओमप्रकाशने नलूला सगळं सांगितलं. त्याला वाटत होतं ती म्हणेल, जाऊ द्या, तुम्ही तरी काय करणार? नलूने हातातला पोळपाट बाजूला ठेवला.

"रतनभाऊ बांगलादेशी हाय काय?" तिने विचारलं.

"नाई."

"तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"मंग तोंडात काय मलम भरलं होतं? तुमचं सोंग त्यानं इतकी वर्षं सांभाळलं. त्याच्या जागी मी असती तं तिथंच तुमचं धोतर फेडलं असतं. जा, खरं सांगून या. दवाखाना बुडला तं बुडू द्या, आपण भाजी विकू. पण त्या नंदिनीले मी उद्या तोंड कसं दाखवू?"

ओमप्रकाशला रात्रभर झोप लागली नाही. शरम वाटत होती आणि भीतीही वाटत होती. खरं तर भीतीच जास्त. पण सकाळी तो उठला, इस्त्रीचा शर्ट न घालता ठाण्यात गेला आणि रूपरावांच्या टेबलासमोर उभा राहून सगळं बोलून टाकलं. मी बंगाली नाही, चाफले आहे, मला बंगाली येत नाही, रतन चामोर्शीचाच आहे, काय गुन्हा लावायचा तो मला लावा. वरातीमागून का होईना, घोडं आलं.

रूपराव शांतपणे ऐकत होते. "मले मालूम आहे जी," ते म्हणाले.

"काय मालूम आहे?"

"तुम्ही चाफले म्हणून. तुमच्या गावचा पोलीस पाटील माया मावसभाऊ होय. तुम्ही पाटी लावली त्याच साली त्यानं सांगितलं होतं. साहेबालेही मालूम आहे. आपल्याले काय करा लागते? मलम तं लागू पडते."

"मंग जाणकार म्हणून मलेच काऊन बोलावलं?"

"वरून दुभाषा पाठवतो म्हणत होते. तो कोण राहते, काय लिहून देते, काय भरोसा? मी साहेबाले म्हटलं, आपल्या इथंच जाणकार आहे, रतनचा दोस्त आहे. तुम्ही म्हणाले असते इथलाच आहे, तं तेवढं लिहून पाठवून देत होतो. एक संशयित तपासला, भारतीय निघाला. वरच्याइले तपास झाल्याचा कागद पाह्यजे होता, माणूस नाई."

"मले आधी सांगितलं असतं तं, रूपरावजी."

रूपरावांनी चष्मा काढून पुसला. "दोस्तासाठी तेवढं बोलाले सांगा लागते, असं मले नाई वाटलं," ते म्हणाले. "आता तुम्ही काहीही सांगा, कागद गेला. त्याले घेऊन गाडी पहाटेच नागपूरले निघाली. तिथून पुढं कुठं नेतेत, ते आमालेही सांगत नाई."

ओमप्रकाश बाहेर आला. ठाण्याच्या पायरीवर नंदिनी डबा घेऊन बसली होती. त्याला पाहून ती लगबगीने उठली.

"दादा, तुम्ही बोलले नं साहेबासंग?"

"बोललो," ओमप्रकाश म्हणाला.

"मंग सोडतीन. तुमचं ऐकतेत ते." तिने डब्याभोवतीचं फडकं पुन्हा घट्ट बांधलं आणि वाट पाहायला पायरीवर बसली. ओमप्रकाश तिच्यासमोर उभाच राहिला. रतन आत नाही हे तिला सांगायला त्याला ना बंगालीत शब्द सापडत होता, ना वऱ्हाडीत.