अंगठा, बदाम, गुलाब

किस्से घरात भरलेल्या कापसासारखे असतात. भाव येईल म्हणून आपण खोलीत कोंबत जातो, आणि खाज सुटते ती आपल्याच अंगाला. माझी खोली आता काठोकाठ भरली आहे. सगळा माल मोताळ्यातल्या एका अभ्यासिकेतला.

निवृत्तीनंतर घरी एकट्याचा जीव घाबरायचा, म्हणून मी रोज सकाळी तिथे जाऊन बसू लागलो. स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली मान खाली घालून वाचत असायची. निदान मला तसं वाटायचं. मान खाली असायची ती मोबाइलसाठी! माझी डॉक्टरेट कापसावरच्या किडींवर आहे. पण 'डॉक्टर' म्हटलं की माणसाला सगळंच कळतं, अशी मुलांची समजूत. मग एकेक जण मोबाइल घेऊन माझ्या टेबलापाशी यायचा. "सर, तिनं हे असं पाठवलं. काय समजू?"

"मला कसं कळणार रे?"

खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा अन्वर वर चहा प्यायला यायचा. तो म्हणायचा, "काय सर! अळीच्या पोटातलं कळते तुमाले, मंग पोरीच्या मनातलं काऊन नाही?"

खरं सांगायचं तर अळीच्या पोटातलंही मला आता नीट कळत नव्हतं. पण ते पुढे येईल.

*

एका मुलाची नांदुऱ्याकडे सोयरीक चालली होती. मुलीचा नंबर मिळाला होता. याने सकाळी सूर्यफुलाचं चित्र पाठवलं, उत्तरात जोडलेले हात आले. संध्याकाळी 'जेवण झालं का' विचारलं, पुन्हा जोडलेले हात.

आमच्याकडे जोडलेले हात येतात ते गावच्या ग्रुपवर, मयतीच्या बातमीखाली. त्या वर्षी तर फवारणीच्या विषबाधेने माणसं दवाखान्यात जात होती, सगळीच परत येत नव्हती. असे हात रोज दिसायचे. मुलगा रडकुंडीला आला. "सर, संपलं का आमचं?"

मी म्हटलं, एक तर ती संस्कारी असेल, किंवा लाजाळू असेल, किंवा खरंच नको म्हणत असेल.

"सर, तीन नका सांगू, एक सांगा!" अन्वर ओरडला.

शेवटी कळलं ते असं. तो नंबर मुलीच्या वडिलांचा होता! आठवडाभर हा होणाऱ्या सासऱ्याला सूर्यफुलं पाठवत होता.

"तरीच म्हटलं," मुलगा म्हणाला, "एवढ्या अदबीनं काऊन बोलून राह्यली!"

*

अन्वरचं स्वतःचं काही बरं चाललं नव्हतं. त्याची मंगनी चिखलीला झाली होती. एकदा त्याने तिला पांढरा बदाम पाठवला. लाल नको, घरच्यांनी पाहिला तर? तिचं उत्तर आलं, "सफेद? मय्यत हुई क्या किसी की?"

अन्वर घाबरला. "अरे बाबा, मी तं कापसाचा म्हणून पाठवला!" मग समजूत काढायला त्याने होते नव्हते तेवढे सगळे रंग एकदम पाठवून दिले. लाल, निळा, हिरवा, पिवळा, जांभळा.

तिकडून विचारणा झाली, "लाल मेरा. बाकी के किसको भेजते?"

*

मी हसलो खरा, पण माझी गत वेगळी नाही. पुण्याच्या सुनेला मी 'ठीक आहे' लिहून पुढे पूर्णविराम देत असे. मुलाचा फोन आला, "बाबा, तिच्यावर का चिडलात?" मी पूर्णविराम देणं सोडलं. पुन्हा फोन आला, "बाबा, तब्येत बरी आहे ना? वाक्य अर्धंच सोडता हल्ली."

तेव्हापासून मी उत्तर लिहून तासभर तसंच ठेवतो. मग बहुधा पाठवतच नाही.

*

आता गजानन आणि शीतल. गजाननची घरची शेती, मोताळ्यापासून जवळच्या गावात. सकाळी वावरात, दुपारी अभ्यासिकेत. शीतल इथल्याच शाळेतल्या गुरुजींची मुलगी. कापूस तिने पाहिला तो रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीतला. दोघांचं जमलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. गुरुजींनाही कुणकुण होती. पण शेती करणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला आमच्या जिल्ह्यात आज शेतकरीसुद्धा तयार नाही. तिच्यासाठी पुण्याची स्थळं पाहणं सुरू होतं. गजाननच्या आईचं म्हणणं, "कापूस घरात येऊ दे, मंग मानानं मागनी घालू." सगळं त्या कापसावर अडलेलं.

एक दिवस शीतलने त्याला लांबलचक मजकूर लिहिला. घरी काय चाललंय, किती भीती वाटते, सगळं. उत्तरात आला एक अंगठा!

ती माझ्या टेबलापाशी येऊन रडली. "सर, एवढं लिहिल्यावर कोणी अंगठा पाठवतं का?"

दुपारी गजानन आला. "सर, फवारणी चालू होती. हाताले औषध. मोबाइल पिशवीत बांधून बोरीले टांगलेला असते. पिशवीतून लिहिता येत नाही, नुसता अंगठा दाबता येते."

शीतलने डोळे पुसले आणि विचारलं, "अंगठा दाबता येतो, तर बदाम काऊन नाही दाबता येत?"

गजाननने माझ्याकडे पाहिलं. मी तर खिडकीबाहेर पाहत होतो.

*

अळीला दाद न देणारं बीटी कापसाचं बियाणं नवं आलं, तेव्हा मी गावोगाव सांगत फिरलो होतो की बोंडअळीची काळजी मिटली. आणि अभ्यासिकेतल्या त्या वर्षी गुलाबी बोंडअळी आली ती त्याच बीटीवर! गजाननच्या गावच्या शेतकऱ्यांचा मी अन्वरकडून एक ग्रुप करून घेतला. सांगितलं, सकाळी फुलं पाहा. जे उमलत नाही, पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखं दिसतं, ती डोमकळी. आत अळी बसलेली असते. दिसली की लगेच कळवा.

लिहायचा सगळ्यांना कंटाळा. गजाननने युक्ती काढली. डोमकळी दिसली की ग्रुपवर गुलाब टाकायचा. पहिल्या आठवड्यात तुरळक गुलाब आले. पुढे सकाळी मोबाइल उघडावा तर स्क्रीन भरून गुलाब! कोणी शब्द लिहीत नव्हतं, कोणी विचारत नव्हतं. फुलांची एवढी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती.

गजाननचं वावर तेवढं वाचलं होतं. आणि शीतलकडे रविवारी पुण्याचे पाहुणे यायचे होते. शनिवारी तिने त्याला विचारलं, "उद्या मी काय सांगू?"

सोमवारी गजानन अभ्यासिकेत आला तो थेट माझ्याकडे. तोंड उतरलेलं. हातरुमाल सोडून त्याने एक फूल टेबलावर ठेवलं. फिकट गुलाबी, घट्ट मिटलेलं.

"आपल्याही वावरात लागली सर. शनिवारी पाहिलं. सारा पट्टाच गेला. आता कायची मागनी न काय!"

"शीतलला कळवलंस?"

"हाव. तेव्हाच कळवलं. म्हटलं, माह्यासाठी नको थांबू, पाहुण्याले हो म्हन."

"असं लिहिलंस?"

"लिहू काय सर? हात चालेना. गुलाब टाकला न."

मी म्हटलं, "अरे, पण ती आपल्या ग्रुपवर कुठं आहे?"

गजानन माझ्याकडे पाहतच राहिला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. शीतल आली. एवढी खुललेली मी तिला कधी पाहिली नव्हती. हातात मोबाइल, मागे चहाचे कप घेऊन अन्वर.

"सर, आज अर्थ नाही विचारायचा," ती म्हणाली, "नुसतं दाखवायचंय. बघा! शेवटी ह्याला फूल पाठवता आलं! मी सगळ्यांसमोर नाही म्हणून सांगितलं. पाहुणे उठून गेले. बाबा बोलत नाहीत माझ्याशी. नाही बोलले तर नाही बोलले!"

अन्वर आमच्या ग्रुपवर होता. त्याचा हात कपासकट थांबला.

गजाननने तोंड उघडलं. "शीतल, ते..."

तिचं लक्ष टेबलाकडे गेलं. "आणि हे? हेही माझ्यासाठीच ना?" कोणी काही म्हणायच्या आत तिने ते फूल उचललं आणि वेणीत खोवलं.

"कापसाचं आहे का रे?" ती हसून म्हणाली. "एवढं सुंदर असतं, मला माहीतच नव्हतं!"