बेंबीभोवतीचा हिंग

दुष्काळात खडी फोडून मायची कंबर गेली ती गेलीच. पुढं लातूरचा जिल्हा झाला, पेढे वाटले, आणि तिथल्याच एका दवाखान्यात तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन ऐटीत म्हणाला, "थेंबभर रक्त सांडलं न्हाई." पाठीवरची पट्टी खरंच कोरडी होती. मावशीनं ती चाचपून देवाला हात जोडले.

संध्याकाळी मायचं पोट फुगलं आणि अंग गार पडलं. नर्स म्हणाली, "वायू धरला असंल. ऑपरेशन पाठीचं हाय, पोटाला काय होतंय?" लेकरांचं पोट फुगलं की आमच्यात करतात तेच मावशीनं केलं. हिंग उगाळून बेंबीभोवती लावला.

नांदेडला नेलं, तिथं माय गेली. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, पाठीतून घातलेलं हत्यार मणक्याच्या पलीकडं जाऊन मोठ्या रक्तवाहिनीला लागलं होतं. रक्त पट्टीकडं येणार कसं? ते पोटात वाहून राहिलं होतं.

मी आणि मावशी लातूरच्या डॉक्टरला जाब विचारायला गेलो. त्यानं उलट आम्हालाच विचारलं, "पोटाला हिंग कुणी लावला होता?"

त्यानं पुढं दवाखान्यावर मजला चढवला. मावशीनं मरेपर्यंत हिंगाला हात लावला नाही.