सोड्याचे चार थेंब

गल्लीत त्यांना सगळे अजूनराव म्हणत. भाजीत मीठ पडलं, की अजून थोडं. शेजाऱ्याला सल्ला देऊन झाला, की अजून थोडा. एकदा मयताच्या घरी सांत्वनाला जाऊन ते इतके बोलले, की शेवटी घरच्यांनीच त्यांना पाणी पाजून धीर दिला.

घरामागचा कपबशांचा कारखाना चालवायची त्यांची बायको. अजूनराव नुसते मालक होते.

जन्मभर लोकांच्या नमुन्याचे कप ओतल्यावर या खेपेला तिने स्वतःच्या मनाची एक किटली काढली होती. तिचे कप विकायला घेणाऱ्या दुकानवाल्या बाईंना चित्र आवडलं. “शुक्रवारी कच्च्या किटल्या बघते, मग ठरवू,” असं त्या म्हणाल्या होत्या. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती.

साच्यात ओतायचा मातीचा घोळ तिने बादलीत कालवला. दाट होता. नुसतं पाणी वाढवलं तर किटली वाळताना तडकणार. मातीचे बारीक कण जात्याच गळेपडू. पाण्यातसुद्धा एकमेकांना धरून बसतात. सोड्याच्या पाण्याचे चार थेंब पडले, की तेच कण जावाजावांसारखे हातभर अंतर राखून वागू लागतात आणि घोळ सरसर वाहतो. सोडा जास्त झाला, की मात्र अंतर राहत नाही, पुन्हा गळामिठी आणि घोळ घट्ट.

तिने चार थेंब टाकले. काठीवरून घोळाची धार लागली. ती साचे बांधायला वळली, तेवढ्यात अजूनराव आले.

“वा! चार थेंबांत एवढी करामत?” म्हणत त्यांनी सोड्याची अख्खी वाटी ओतली आणि उत्साहाने ढवळलं.

“अहो, काय केलंत?”

“जरा हात लावला गं. घट्टसर वाटतोय नाही? थांब, अजून थोडं...”

“ती वाटी खाली ठेवा.”

“मदत करतोय मी!”

“दिसतंय ते. काठी उभी राहिलीय बादलीत.”

पडलेला सोडा काही वेचून काढता येत नाही. बिनसोड्याची माती आणि पाणी वाढवत जायचं, सोडा पुरेसा विरळ होईपर्यंत. म्हणजे बादलीचा हौद होणार. आणि त्याआधी नवऱ्याला बाहेर काढणं भाग होतं.

“सुतळी आणता? कोपऱ्यावरचा दुकानदार नवीन फळ्या लावतोय. तुमचा सल्ला हवाय म्हणत होता.”

अजूनराव चपला घालायलाही थांबले नाहीत. ते परतले तेव्हा अंधारलं होतं, घोळ पुन्हा वाहत होता आणि सगळे साचे भरलेले होते. उरलेला घोळ संपवायला ती पुढचे दोन दिवस ओततच होती.

शुक्रवारी दुकानवाल्या बाई फळ्यांवरची रांग बघून थबकल्या. “अगंबाई, इतक्या? मी दोन-चार बघायला आले होते.”

“मीच म्हटलं हिला,” अजूनराव पुढे सरसावले, “थोडं जास्तच करू!”

बाईंनी एक किटली उचलली, कान धरून बघितला, चोच बघितली. “सगळ्या भाजा. मी घेते. आणि तळाला नाव कोरा हं तुमचं.” हे त्या तिच्याकडे बघून म्हणाल्या.

बाई गेल्यावर ती सुई घेऊन बसली. ओलसर मातीत नाव सुबक उमटत होतं. अजूनराव खांद्यावरून वाकले.

“झकास! माझंही टाक की शेजारी. जागा आहे अजून थोडी.”

तिने किटली उलटी करून उजेडात धरली, नीट निरखली.

“आहे खरी,” ती म्हणाली. “राहू दे.”

आणि पुढची किटली घेतली.