ताणाचं शिबिर

पौषात लग्नं नसतात, म्हणून धुळ्यातलं एक मंगल कार्यालय आमच्या संस्थेला तीन दिवसांसाठी सहज मिळालं. स्टेजवर नवरा-नवरीच्या दोन लाल मखमली खुर्च्या तशाच होत्या आणि त्यांच्या मागे कापडी फलक लावला होता: ‘ताणतणाव व्यवस्थापन प्रशिक्षण’. फलक वाचून मला पहिल्यांदा वाटलं ते कुतूहलच. ताणाचं व्यवस्थापन करतात म्हणजे काय करतात? तो कमी करतात, की नीट घडी घालून ठेवतात?

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. बी.ए. होऊन मी जळगावहून धुळ्याला कामाला आले होते. मुंबई–आग्रा रस्त्यावरच्या ढाब्यांवर ट्रक थांबत. तिथल्या ड्रायव्हर-क्लीनरांशी आम्ही एड्सबद्दल बोलायचो, निरोध वाटायचो, ते कसे वापरायचे ते लाकडी नमुन्यावर दाखवायचो. ढाब्यांच्या मागच्या वस्तीत बायका धंदा करत, त्यांच्याकडेही जायचो. कुणाला सुधारणं हे आमचं काम नव्हतं. कुणी काही सोडलं नाही तरी चालेल, पण त्याचा धोका कमी झाला पाहिजे, एवढंच आम्हाला शिकवलं होतं. ऐकायला हे सोपं वाटतं. त्या वर्षी आमच्यातली दोन माणसं काम सोडून गेली आणि एक मुलगी ढाब्यावर बोलता बोलता रडायला लागली, ती थांबेचना. मग संस्थेच्या साहेबांनी नाशिकहून एका बाईंना बोलावलं.

मॅडम चाळिशीच्या पुढच्या होत्या. त्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. आमच्यासारख्या लोकांचं शिबिर त्यांनी पूर्वी कधी घेतलं नव्हतं, हे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. सुरुवातीला त्यांनी विचारलं, “ताण म्हटलं की तुम्हाला काय आठवतं?”

आमच्यातले भाऊ भुसावळकडचे. आयुष्यभर ट्रक चालवून आता संस्थेत आलेले. त्यांच्या बोलीत तहानेला तान म्हणतात. त्यांनी उठून माठातलं पाणी पेल्यात ओतलं आणि मॅडमपुढे धरलं. सगळे हसले. भाऊ ओशाळले, पण मॅडमनी ते पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाल्या की लागलीच होती. त्यानंतर शिबिर जरा आमचं वाटायला लागलं.

मग सतरंजीवर उताणं झोपायचं ठरलं. डोळे मिटायचे, श्वासाकडे लक्ष द्यायचं. मॅडमनी नवरदेवाच्या खुर्चीवर टेपरेकॉर्डर ठेवून समुद्राच्या लाटांची कॅसेट लावली. आमच्यापैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. थोड्या वेळाने भाऊंनी डोळे मिटूनच विचारलं, घाट उतरणाऱ्या गाडीचा आवाज टेप करून आणलाय का. मॅडमनी कॅसेट बंद केली.

मला सवय अशी, की सगळ्यांनी डोळे मिटले असतील तर मला बघावंसंच वाटतं. मी हळूच डोळे उघडले. जागेपणी न दिसणारं बरंच काही दिसत होतं. भाऊंनी दात घट्ट आवळले होते. ती रडलेली मुलगी दोन्ही हातांनी पर्स पोटाशी धरून झोपली होती. आणि भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन अक्का बसल्या होत्या, डोळे टक्क उघडे. आमची नजरानजर झाली तशा त्या हसल्या.

अक्कांनी त्याच वस्तीत पुष्कळ वर्षं धंदा केला होता. आता त्या आमच्याबरोबर पगारावर काम करत होत्या. त्यांचं गाव दोंडाईच्याजवळ, बोलणं सगळं अहिराणीत. त्यांच्याशिवाय वस्तीत आम्हाला कुणी दारात उभं केलं नसतं.

मॅडमनीही त्यांना पाहिलं. आधी त्यांनी समजावलं, सोपं असतं, करून बघा. अक्का शांतपणे म्हणाल्या, “ज्या खोलीमा दुसरं माणूस शे, तठे मी डोया मिटत नही.”

खोलीत आणखी कुणी असलं की त्या डोळे मिटतच नसत. मॅडमच्या जागी दुसरं कुणी असतं तर भीती घालवायचा व्यायाम सांगितला असता. मॅडम मात्र म्हणाल्या, की बरोबर आहे, मी हे आधी विचारायला हवं होतं. अक्कांनाच त्यांची दया आली असावी. त्या उठल्या, स्टूल ओढलं, दाराशी नेऊन ठेवलं आणि बसल्या.

“तुम्ही बठ्ठा मिटा. मी दारकडे देखस.”

दाराकडे अक्का बघत होत्या, आम्ही सगळे पुन्हा झोपलो. या वेळी मीसुद्धा डोळे मिटले आणि ते मिटलेलेच राहिले. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, मागच्या स्वयंपाकघरातून वांगी भाजल्याचा वास येत होता. थोड्या वेळात भाऊ घोरायला लागले. उठल्यावर मॅडमनी विचारलं की या वेळी वेगळं काय झालं. भाऊंनी सांगितलं की ड्रायव्हरला हे माहीत असतं. शेजारी क्लीनर जागा असेल तर गाडी बाजूला लावून जी झोप लागते, ती एकट्याला लागत नाही. मॅडमनी ते लिहून घेतलं. आम्ही त्यांना शिकवतोय की त्या आम्हाला, हा प्रश्न मला तेव्हा पडला.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपल्याला काय जड जातं ते सांगायचं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी एका ड्रायव्हरबद्दल सांगितलं. रावेरहून केळी भरून तो नाशिककडे, कधी पुढे मुंबईला जायचा. त्याने मला बहीण मानलं होतं. रक्ताचा रिपोर्ट आणायला एकट्याने जायची त्याला भीती वाटत होती, म्हणून मी दवाखान्यात सोबत गेले. डॉक्टरांनी त्याला आत बोलावून सांगितलं. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला की गाडीत माल आहे, पिकून जाईल, निघतो. त्यानंतर तो आमच्या ढाब्यावर कधी थांबला नाही. नियमाप्रमाणे आम्हाला कुणाच्या घरी चौकशीला जाता येत नव्हतं, आणि तो नियम बरोबरच होता. पण तेव्हापासून केळीची गाडी दिसली की माझी नजर आधी केबिनमध्ये जायची. एसटीत बसले तरी खिडकीतून तेच. रात्री झोपेतही गाड्यांचे नंबर यायचे.

मला वाटलं होतं की मॅडम म्हणतील, तू फार हळवी आहेस, अंतर ठेवायला शीक. साहेब तसंच म्हणायचे. मॅडमनी उलट विचारलं, “तो भेटला तर त्याला काय विचारशील?”

मी भराभर सांगत सुटले. घरी सांगितलं का, बायकोची तपासणी झाली का, गाडी चालवतोस का, जेवतोस का, त्या दिवशी माल वेळेवर पोचला का. शेवटचा प्रश्न ऐकून लोक हसले आणि मलाही हसू आलं.

मॅडम म्हणाल्या, “तुला दयेने थकवा येत नाहीये. तू गोष्टी ऐकतेस आणि त्यांचा शेवट तुला कळत नाही, त्याने येतोय.”

कुणी माझ्याबद्दल इतकं नेमकं बोललं नव्हतं. सतत प्रश्न विचारायच्या माझ्या ज्या खोडीसाठी लहानपणापासून मी बोलणी खात आले, तीच माझ्या कामाला उपयोगी होती आणि तीच मला त्रासही देत होती. यावर औषध काय, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, औषध नाही, पण न संपलेल्या गोष्टी एकटीने सांभाळू नकोस. मग त्यांनी सगळ्यांना विचारलं की आपण नेमकं काय काम करतो हे ज्यांच्या घरी माहीत आहे, त्यांनी हात वर करावा. हात एकच वर आला, अक्कांचा. मी माझ्या आईला ‘आरोग्याचं काम’ एवढंच सांगितलेलं होतं.

शेवटच्या दिवशी मॅडमनी अक्कांना विचारलं, आज दुसरं कुणी दाराशी बसलं तर चालेल का. अक्कांनी माझ्याकडे बोट केलं. मी स्टुलावर बसले. त्या सतरंजीवर आडव्या झाल्या, पदर अंगावर ओढून घेतला. डोळे त्यांनी मिटले नाहीत. पूर्ण वेळ छताकडे बघत राहिल्या. नंतर मी विचारलं, अक्का, काय वाटलं? त्यांनी सांगितलं की पंख्याचं एक पातं वाकडं आहे. पण त्यांची कंबर पहिल्यांदाच जमिनीला पुरती टेकली होती, हेही त्या म्हणाल्या, आणि जेवायला बसल्यावर भरीत तीनदा मागून घेतलं.

पुढे दर शनिवारी संध्याकाळी आम्ही ऑफिसात अर्धा तास बसू लागलो. ज्याला पाहिजे त्याने अर्धवट राहिलेली एखादी गोष्ट सांगायची, नाव-गाव काढायचं नाही, आणि इतरांनी सल्ला द्यायचा नाही. अक्कांनी त्यात स्वतःची भर घातली. गोष्ट सांगून झाली की त्या तिचा शेवट रचायच्या. माझ्या ड्रायव्हरचा विषय निघाला तेव्हा म्हणाल्या, “त्यानी दुकान टाकं व्हई. बायको गल्लावर बठस, तो गिऱ्हाइकशी भांडस.” भाऊ म्हणाले की ड्रायव्हर माणूस दुकानात टिकायचा नाही, आणि दोघांचा बराच वेळ वाद झाला. खोटं आहे हे सगळ्यांना माहीत होतं. तरी मला त्या रात्री झोप चांगली लागली. हे असं का होतं, हे मी मॅडमना विचारणार होते, पण त्या पुन्हा धुळ्याला आल्या नाहीत. तो ड्रायव्हरही मला कधी दिसला नाही.

आईला सांगायला मला महिना-दीड महिना लागला. एका रविवारी जळगावला गेले होते. आई मशीनवर शेजारणीचा ब्लाउज शिवत होती. मी जमिनीवर बसले आणि सांगून टाकलं, रस्त्यावर जाते, ढाब्यांवर जाते, वस्तीत जाते, पिशवीत काय असतं तेही. मशीन थांबलं. आई म्हणाली, “मला माहीत आहे. आपल्या गल्लीतल्या एकाने तुला ढाब्यावर पाहिलं होतं. त्यालाच मी विचारलं, तू तिथे कशाला गेला होतास?”

तिला कळून वर्ष होऊन गेलं होतं. मग विचारलं का नाहीस, असं मी म्हटलं, तर म्हणाली की तू सांगशील म्हणून थांबले होते. दोरा तोडून तिने ब्लाउज बाजूला ठेवला आणि जवळ येऊन बसली. त्या बायका राहतात कुठे, आजारी पडल्या तर त्यांच्याकडे कोण बघतं, त्यांची पोरं शाळेत जातात का, शाळेत बापाचं नाव काय लावतात. ती एकामागून एक विचारत होती आणि मी सांगत होते. शेजारीण ब्लाउज न्यायला आली तेव्हा तो तसाच अर्धा पडला होता. आईने तिला उद्या ये म्हणून सांगितलं आणि दार लोटून घेतलं.