उपाशी मासा आणि माझा चमचा

माझे सासरे मालवणचे. वय पंचाहत्तर, बोलणं मोजकं आणि माशाच्या बाबतीत मत अखेरचं. सासूबाई गेल्यापासून ते घरात एकटेच असतात. त्यामुळे या वर्षी बायकोने त्यांना दिवाळीपर्यंत डब्लिनला राहायचं म्हणून बोलावून घेतलं, आणि ते आलेही. तीन आठवडे बरे गेले, म्हणजे आमचे बरे गेले. ते वरण-भात खाऊन गॅलरीतून ट्राम बघत होते.

सुपरमार्केटमधला सॅमन मी पहिल्याच आठवड्यात आणला होता. प्लास्टिकच्या ताटलीतला तो गुळगुळीत गुलाबी तुकडा त्यांनी उलटसुलट करून पाहिला.

"ह्यो मासो की गाजरहलवो? ह्येका डोळो नाय, कल्लो नाय. मासो म्हणान कसो वळखूचो?"

चौथ्या आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, "मी सोमवारी चललंय. तिकीट फिरवा."

बायको उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिने प्रेसचं, म्हणजे इथल्या बोलीत कपाटाचं, दार नेहमीपेक्षा हळू लावलं. तिने दार आपटलं की मी निर्धास्त असतो, हळू लावलं की घाबरतो. मी तडक सासऱ्यांसमोर जाऊन, रंगमंचावर शोभेल अशा आवाजात म्हणालो, "बाबा, शनिवारी मी स्वतः पकडलेला ताजा सॅमन तुम्हाला खायला घालतो. डोळ्यासकट!"

आयुष्यात मी तोवर एकच मासा पकडला होता, तोही मत्स्यालय पालथं झालं तेव्हा, जमिनीवरून.

सासरे म्हणाले, "दाखवा. मगे बघू."

आता तयारी. डब्लिनच्याच सँडीफोर्ड भागातल्या आमच्या ऑफिसात मराठी माणसं पाच, आणि न केलेल्या गोष्टींचा अनुभव प्रत्येकाकडे दांडगा. दुपारी जेवताना बैठक भरली. एकाने आमिषांचा तक्ता केला: उभ्या रांगेत फिरकी, चमचा (म्हणजे चमच्याच्या आकाराचा चकचकीत पत्रा), कोळंबी, गांडूळ आणि आडव्या रांगेत चकाकी, वजन, पाण्याचा रंग. प्रत्येकाला गुण. नागपूरच्या गृहस्थांनी गांडुळाला शून्य दिलं. कारण विचारलं तर म्हणाले, "मला किळस येते." ते आजन्म शाकाहारी असूनही सर्वाधिक आक्रमक होते. पोर्टलीशच्या रुग्णालयातले एक डॉक्टर मित्र फोनवर होते. त्यांनी फक्त गळ बोटात घुसला तर काय करायचं ते सांगितलं. त्या बैठकीत कामाचं तेवढंच निघालं.

सॅमनसाठी परवाना लागतो. तो घ्यायला आणि आमिषं विकत घ्यायला मी दुकानात गेलो. परवान्याबरोबर, पकडल्यावर माशाला बांधायचे बिल्लेही मिळाले. मासा अजून समुद्रात, पण त्याची कागदपत्रं माझ्या खिशात तयार! मग मी दुकानदारापुढे आमचा तक्ता ठेवला. त्याने तो नम्रपणे वाचला आणि तितक्याच नम्रपणे बाजूला सारला.

"सॅमन समुद्रातून नदीकडे परत निघाला की खाणं सोडतो," तो म्हणाला. "त्याला भूक नसते."

"मग आमिष कशाला?"

"त्याला चीड यावी म्हणून. नाकासमोरून काहीतरी चकचकीत, आगाऊ गेलं की तो वैतागून चावतो."

मी पुण्याचा. उपाशी जीवाला मुद्दाम चिडवायचं, एवढंच काम असेल तर त्यासाठी परवाना काढावा लागतो याचंच मला नवल वाटलं. मी आनंदाने चंदेरी चमचे घेतले, लाल ठिपक्यांच्या फिरक्या घेतल्या, लांब रबरी शेपटीचं एक आमिष घेतलं. त्या शेवटच्याचं इंग्रजी नाव सासऱ्यांसमोर उच्चारण्यासारखं नाही. आयरिश माणसं मात्र ते पाद्र्यासमोरसुद्धा उच्चारतात म्हणे.

शनिवारी पहाटे निघून तीन तास गाडी चालवत आम्ही पश्चिमेकडच्या एका धक्क्यावर पोहोचलो. जागेचं नाव सांगणार नाही. मासेमारांचा तसा रिवाज आहे, आणि हाती काही लागलेलं नसलं तरी रिवाज पाळायला काय हरकत आहे? बाजूलाच नदी समुद्राला मिळत होती. ऑगस्ट असूनही वारा जानेवारीचा होता. मी पेटी उघडली. सासऱ्यांनी आत डोकावून पाहिलं.

"जावईबापू, माशाक दागिने घालूक इलास काय?"

मी त्यांना सॅमनच्या उपासाची हकीकत सांगितली. ते गंभीर झाले.

"उपाशी जीवाक चिडवतास? पाप लागतला."

तरीही मी चिडवलं. दोन तास चिडवलं. आधी चमच्याने, मग फिरकीने, मग त्या अनुच्चारणीय रबरी शेपटीने. एकदा खरंच एक सॅमन पाण्याबाहेर उसळला. माझ्याकडे बघितल्यासारखं करून परत गेला. वैतागायचा मान त्याने मला दिला नाही. पुढच्या फेकीला चमचा खडकात अडकला, दोर तुटला आणि सोमवार डोळ्यांसमोर दिसायला लागला. धक्क्यावर रिकाम्या हाताने उभं राहून मी बायकोला काय सांगायचं त्याची तालीम करत होतो. एकही वाक्य जमेना.

तेवढ्यात मागून सासऱ्यांचा आवाज आला. इतका मोठा आवाज मी त्यांच्या तोंडून मुलीच्या लग्नातही ऐकला नव्हता.

"अरे देवा म्हाराजा! बांगडो कापता ह्यो!"

धक्क्याच्या टोकाला लोकरीची टोपी घातलेला एक म्हातारा आयरिश माणूस बसला होता. त्याच्याजवळ बादलीभर बांगडे. आमच्या बांगड्याचे चुलत भाऊच ते, पाठीवर निळे-हिरवे पट्टे, डोळे टपोरे, अजून थरथरणारे. तो एकेक काढून त्याचे तुकडे करत होता आणि तुकडे गळाला लावत होता. सापासारखी लांबलचक वाम पकडायला.

"ह्येका सांगा," सासरे म्हणाले, "बांगडो आमिष नसता, बांगडो जेवाण असता!"

मी भाषांतर केलं. म्हाताऱ्याने सुरी थांबवली.

"हे तुम्ही खाता?"

"खातो? यांचा जन्म त्यावर गेलाय."

"आमच्याकडे मांजर खातं." त्याने बादली पायाने पुढे सरकवली. "घ्या की. ग्रँड!" इथे 'हरकत नाही'लाही ग्रँडच म्हणतात. "मला काय, आणखी निघतील." मग त्याने कातळाला टेकवलेला आपला दुसरा गळ सासऱ्यांच्या हाती दिला. त्याला रंगीत पिसांची माळ होती, प्रत्येक पिसामागे लपलेला आकडा. चमचा नाही, तक्ता नाही.

सासऱ्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. त्या वाऱ्यात, अनवाणी. गळ पाण्यात सोडला, दोनदा वर-खाली हलवला आणि ओढला. चार बांगडे! दोघे म्हातारे एकमेकांना काहीतरी सांगत हसू लागले. एक मालवणीत, एक आयरिश उच्चारांच्या इंग्रजीत, आणि माझी कोणालाच गरज नव्हती. मी पेटी मिटवून बसलो.

दीड तासाने सासऱ्यांनी मला बोलावलं.

"ह्येका विचारा, बांगडे हयसर कधीपर्यंत गावतत?"

म्हातारा म्हणाला, सप्टेंबरभर नक्की, नशीब असेल तर त्यापुढेही. मी मालवणीचा आव न आणता साध्या मराठीत सांगितलं. सासऱ्यांनी बोटांवर शनिवार मोजले. दुसऱ्या हाताच्या बोटांवर गेले.

मी बायकोला फोन लावला. तिने पहिल्याच घंटेला उचलला.

"मिळाला का रे सॅमन?"

"नाही."

तेवढ्यात सासऱ्यांनी खवल्यांनी माखलेला हात पुसायच्या भानगडीत न पडता फोन माझ्या कानापासून ओढला.

"बाय, माझी भरलली बॅग सोड. तळाक कोकमाची सोलां आसत, बांगड्याक घालूची तिरफळां आसत, भायर काढ. आणि नारळ आण. फ्रीजमधलो नको."