तज्ज्ञांच्या सल्ल्याने

आमच्याकडे आधी सत्कार आणि मग विषय. खांद्यावर शाल पडली की माणूस वाकडं बोलत नाही, असा पक्का हिशेब. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि चिकलठाण्याच्या पलीकडच्या माळावर वर्षानुवर्षं लांडगे बघत हिंडते, म्हणून वृक्षलागवडीच्या बैठकीत मी तज्ज्ञ. शाल, श्रीफळ, टाळ्या झाल्या. मग वनखात्याच्या साहेबांनी नकाशावर नेमकं त्याच माळावर बोट ठेवलं. "पडीक जमीन आहे. इथं कडुलिंब, करंज."

मी म्हणाले, पडीक नाही, गवताचं रान आहे. ओढ्याच्या काठाला लांडगिणीचं बीळ आहे, आत पिल्लं आहेत. तिला मोकळा माळ लागतो, झाडी नाही. यंत्र आलं की ती गावाकडे सरकेल.

साहेब गोड हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

"मॅडम, झाडाला नाही म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. चहा घ्या."

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली माळ हिरवा होणार. पालथ्या घड्यावर मी पाणी ओतायचं आणि वर त्यांनी तो घडा माझ्याच नावावर खपवायचा! मी खुलासा पाठवला, तो काही छापून आला नाही.

खड्डे खणायला पोकलेन आलं. बिळाचं तोंड मातीखाली गेलं. लांडगीण उरलेलं एक पिल्लू घेऊन हलली ती थेट मेंढवाड्याच्या कडेला. चार दिवसांत मेंढ्या पडायला लागल्या. मी तिथं गेले तर मेंढ्यांची मालकीण अंगावरच आली.

"तुमीच सांगितलं ना खड्डे खांदायला? आता बघा. मेलेल्या मेंढीला औषध लावून ठिवते. लई झालं."

मी नाही म्हणाले, तिनं ऐकलं नाही. तिनं तरी का ऐकावं?

तेवढ्यात साहेबांचा फोन. "मॅडम, पिंजरा लावतोय. जागा तुम्हीच सांगा, तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

मनात आलं, फोन ओढ्यात फेकावा. पिंजऱ्यात गेलेला लांडगा माळावर परत येत नाही, हे मला ठाऊक होतं. पण विष खाल्लेला तर कुठंच जात नाही. ती पिल्लाला घेऊन कुठल्या पायवाटेनं उतरते, ते मी सांगितलं.

एवढा एकच सल्ला त्यांनी संध्याकाळच्या आत अमलात आणला.